कॅमेऱ्याचा सेन्सर उणे पाचवर : प्रकल्प नोंदी, जून ते नोव्हेंबर २०२४

१६ जून, रविवार

आजपासून काम हातात घेतलं. दुर्बिणीला लावायचा माझा कॅमेरा एकरंगी, सीमॉस जातीच्या सेन्सरचा आहे, आत सोनीचा आयएमएक्स२९० सेन्सर. कूलिंग काहीच नाही. गुरू-शनीच्या फोटोंना त्याचं काही बिघडत नाही, कारण तिथे एकेक फ्रेम सेकंदाच्या काही हजारांश भागाची असते. तेजोमेघाचा फोटो काढायचा म्हणजे एच-अल्फा (हायड्रोजनचा लाल प्रकाश तेवढाच सोडणारा) फिल्टर लावून पाच-पाच मिनिटांची एक्स्पोजर. तेवढ्या वेळात सेन्सरमध्ये निव्वळ उष्णतेने सुटलेले इलेक्ट्रॉन साचत जातात आणि कॅमेरा त्यांनाही प्रकाश समजून मोजतो. हा डार्क करंट.

दुपारभर झाकण लावून ३०० सेकंदांच्या फ्रेम घेतल्या. खोलीत सेन्सर ३२ अंशांवर असताना सरासरी डार्क ४७० एकक (कॅमेरा देतो ते आकडे). एसी लावून सेन्सर २० अंशांवर आला तेव्हा १२२. मग कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रिजमध्ये ठेवला, केबल दाराच्या रबरातून बाहेर काढली. ८ अंशांना ३३. म्हणजे साधारण सहा अंश उतरलं की डार्क निम्मा होतो. पुस्तकात दिलेला नियम आपल्याच सेन्सरवर असा उतरलेला पाहून बरं वाटलं.

झाकण लावून घेतलेली फ्रेम मूळ फोटोतून वजा केली की डार्कची सरासरी जाते, पण त्यातला गोंगाट जात नाही. चारशे इलेक्ट्रॉन साचले असतील तर वर-खाली वीसचा फरक राहतोच, आणि अंधूक तेजोमेघाचे तपशील नेमके त्या विसात बुडतात. म्हणून थंड करणं भाग आहे.

लक्ष्य ठरवलं: सेन्सर उणे ५ अंशांवर, वर्षभर, एप्रिलच्या रात्रीसुद्धा. उणे २० चा हव्यास धरणार नाही. वजा करायची डार्क फ्रेम आणि फोटो एकाच तापमानाला घेतलेले हवेत. तापमान कायम एकच असेल तर डार्कचा एक संच घरी बसून निवांत काढता येतो आणि तो महिनोन्‌महिने वापरता येतो. उणे २० डिसेंबरात मिळेल, मेमध्ये नाही. मग प्रत्येक ऋतूला वेगळा संच काढत बसावं लागेल.

हा विचार नोकरीतून आला. माझ्या बाकावर फायबरचे लेझर ट्रान्समीटर दुरुस्तीला येतात. दोन्ही बाजूंना सात-सात पिना असलेल्या त्या चपट्या धातूच्या पेटीत लेझर चिपच्या खाली एक छोटा पेल्टियर (वीज सोडली की एक बाजू थंड आणि दुसरी गरम होणारी चकती) आणि शेजारी थर्मिस्टर (तापमानानुसार बदलणारा रोध) असतो. १५५० नॅनोमीटरचा लेझर एका अंशाला सुमारे ०.१ नॅनोमीटर सरकतो. एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबी पाठवताना शेजारच्या दोन चॅनेलमध्ये अंतर असतं ०.८ नॅनोमीटर. म्हणजे आठ अंशांचा फरक पडला की हा लेझर थेट शेजारच्या चॅनेलवर. तिथला पेल्टियर लेझरला गोठवत नाही, २५ अंशांवर धरून ठेवतो. उन्हाळ्यात थंड करतो, हिवाळ्यात करंट उलटा करून गरमही करतो. मला सेन्सरसाठी तेच धरून ठेवणं हवं आहे.

२३ जून

बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन पेल्टियर आणले. टीईसी१-१२७०६, ४० मिलिमीटर चौरस, दोन सिरॅमिक पट्ट्यांमध्ये बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्या. नावातच सगळं लिहिलेलं असतं: १२७ जोड्या, ०६ म्हणजे सुमारे ६ अॅम्पिअर. डेटाशीटप्रमाणे गरम बाजू २५ अंशांवर असताना कमाल करंट ६.४ अॅम्पिअर, कमाल फरक ६६ अंश, रोध १.९८ ओहम.

हा रोध साध्या मल्टिमीटरने मोजू नये. मीटर मोजण्यासाठी जो डीसी करंट सोडतो त्यानेच दोन बाजूंमध्ये तापमानाचा फरक पडतो, फरकामुळे उलटं व्होल्टेज तयार होतं आणि आकडा चढत जातो. कामावरच्या एलसीआर मीटरने, जो डीसीऐवजी एसी वापरतो, एक किलोहर्ट्झवर मोजले. दोन १.९ च्या आसपास, एक २.६. तिन्हींवर छापलेला क्रमांक एकच. २.६ वाला बाजूला ठेवला. तो काम करेल, पण आकडेमोडीत बसणार नाही.

३० जून

मुख्य कामाआधी एक जुना प्रयोग करून पाहिला. भाची आली होती, तिला दाखवायचाच होता. ज्याँ पेल्टियर या फ्रेंच माणसाने, जो आधी घड्याळजी होता, १८३४ साली दोन धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की सांधा थंड किंवा गरम होतो हे नोंदवलं. त्याचा नेमका अर्थ चार वर्षांनी लेंझ या भौतिकशास्त्रज्ञाने स्पष्ट केला. बिस्मथ आणि अँटिमनीच्या सांध्यावर त्याने पाण्याचा थेंब ठेवला, वीज सोडली, थेंब गोठला. दिशा उलटी केली, थेंब वितळला.

आम्ही पेल्टियरचा मोड्यूल हीटसिंकवर (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या पंखांच्या ठोकळ्यावर) दाबून बसवला, वर ड्रॉपरने एक थेंब सोडला आणि अडीच अॅम्पिअर दिले. आधी सिरॅमिकवर थेंबाभोवती दमट पट्टा उमटला. मग थेंबाच्या तळाशी पांढुरकी कड दिसली आणि ती हळूहळू वर चढली. शेवटी माथ्यावर एक बारीक टोक उठलं, कारण गोठताना पाणी फुगतं आणि शेवटचा द्रव भाग वर ढकलला जातो. मी वायरी उलट्या लावल्या. पाचेक सेकंदांत टोक बसलं, थेंब पुन्हा थेंब झाला.

"मामा, यातली थंडी कुठून आली?"

"थंडी आली नाही गं, वरची उष्णता खाली गेली. खालच्या सिंकला हात लाव."

तिने हात लावला आणि लगेच मागे घेतला. बाकी काही समजावण्याची गरज पडली नाही.

धातूंच्या सांध्यांनी एवढंच होतं. कामाचा थंडावा द्यायला अर्धवाहक यावे लागले. १९५४ साली इंग्लंडमध्ये गोल्डस्मिड या शास्त्रज्ञाने बिस्मथ टेल्युराइड वापरून दाखवलं, आणि सत्तर वर्षांनी तापकीर गल्लीतल्या मोड्यूलमध्येही तेच आहे. वीज चांगली वाहणारा आणि उष्णता वाईट वाहणारा पदार्थ हवा, असा तो शोध आहे. त्यापेक्षा फार सरस काही खोलीच्या तापमानाला अजून बाजारात आलेलं नाही.

७ जुलै

आज करंट आणि थंडावा यांचा आलेख. थंड बाजूला ॲल्युमिनियमचा ठोकळा, त्यावर १० ओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टवर, म्हणजे अडीच वॅटचा नकली सेन्सर. भोवती थर्माकोल. गरम बाजूला ॲल्युमिनियमचा मध्यम हीटसिंक आणि पंखा. खोली २६ अंश. प्रत्येक करंटला तापमान स्थिरावेपर्यंत थांबून आकडा घेतला.

१ अॅम्पिअर: अधिक १०. २ अॅम्पिअर: उणे ४. ३ ला उणे ११. ४ ला उणे १४. ५ ला उणे १२. ६ ला उणे ८, आणि गरम बाजू ७० अंश.

चार अॅम्पिअरच्या पुढे करंट वाढवला की थंड बाजू गरम होत गेली. हे कागदावर ठाऊक होतं, पण ज्यांना ठाऊक नाही ते "अजून थंड होत नाही" म्हणून १२ व्होल्ट थेट लावतात आणि पेल्टियरला नावं ठेवतात. कारण असं. उचलली जाणारी उष्णता करंटच्या पटीत वाढते. पण मोड्यूलच्या रोधात तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते, आणि तिच्यातली निम्मी थंड बाजूलाच परत येते. शिवाय दोन बाजूंमधला फरक जितका मोठा, तितकी उष्णता मोड्यूलमधून मागे झिरपते. डेटाशीटवरून हिशेब केला तर ही झिरप एका अंशाला अर्ध्या वॅटहून थोडी जास्त. चाळीस अंशांच्या फरकाला एकवीस वॅट! अडीच वॅटचा सेन्सर थंड ठेवायला आधी हे एकवीस वॅट उचलावे लागतात. आणि वीज बंद पडली की ते सगळे सेन्सरच्या दिशेने धावतात.

म्हणून खरं काम गरम बाजूचं आहे. सहा अॅम्पिअरला ८५ वॅटहून जास्त उष्णता त्या बिचाऱ्या सिंकवर पडत होती.

१४ जुलै

जुन्या गेमिंग कॉम्प्युटरचा तांब्याच्या हीटपाइपचा कूलर लावला. तोच ठोकळा, तीच खोली. ४ अॅम्पिअरला उणे २१. सात अंशांची कमाई, थंड बाजूला बोटही न लावता. २ अॅम्पिअरला उणे ६.

मोठा कूलर पाऊण किलोचा आहे, दुर्बिणीच्या फोकसरवर टांगला तर तो झुकेल. त्याच घडणीचा लहान, चारशे ग्रॅमच्या आतला मिळाला. तो एखादा अंश कमी देतो, चालेल.

एकावर एक रचलेला दोन मजली मोड्यूल का नको, हे एका मित्राने विचारलं. वरच्या मजल्याने उचललेली उष्णता आणि त्याची स्वतःची वीज, दोन्ही खालच्या मजल्याला वाहावी लागतात. म्हणून खालचा मजला बराच मोठा लागतो आणि विजेचा खर्च झपाट्याने वाढतो. जिथे दुसरा इलाज नाही तिथे ते करतातच. हबल दुर्बिणीवर २००९ साली बसवलेल्या वाइड फील्ड कॅमेरा ३ मध्ये दृश्य आणि अतिनील प्रकाशाचे सीसीडी सेन्सर चार मजली पेल्टियरवर उणे ८३ अंशांना ठेवतात आणि इन्फ्रारेड डिटेक्टर सहा मजली पेल्टियरवर उणे १२८ ला. हलणारा एकही भाग नाही, थरथर नाही, संपणारा द्रव नायट्रोजन नाही. इतकी वर्षं ते चाललं आहे याचा मला मनापासून आदर वाटतो. माझ्या उणे ५ ला एक मजला पुरतो.

२८ जुलै

भोसरीच्या लेथवाल्या काकांकडून तांब्याचा ठोकळा मिलिंग करून आणला. एक बाजू ४० मिलिमीटर चौरस, पेल्टियरला बसणारी. दुसऱ्या बाजूला १५ मिलिमीटर चौरस दांडा, जो सेन्सरच्या पाठीमागे सर्किट बोर्डाला टेकेल. मध्ये दीड मिलिमीटरचा उष्णतावाहक सिलिकॉन पॅड, कारण बोर्डाच्या पाठीवर बारीक कपॅसिटर आहेत आणि तांबं त्यांना लागलं तर शॉर्ट होईल. पॅड आणि बोर्ड यांतून उष्णता यायला अडथळा आहे, तेव्हा दांडा आणि सेन्सर यांत पाच अंशांचा फरक धरून चाललोय. म्हणजे दांडा उणे १० वर ठेवायचा.

पृष्ठभाग सपाट करण्यात अख्खी सकाळ गेली. जाड काचेवर वॉटर पेपर, आधी ६०० नंबर, मग १२००, पाणी टाकत टाकत आठाच्या आकारात घासायचं. मार्करने रेघा मारून घासलं की रेघ जिथे राहते तो खड्डा कळतो. काका म्हणाले, "आमच्या मशिनचा फिनिश चांगला असतो हो." असतोच. पण पेस्टचा थर जितका पातळ, तितकी उष्णता सुखाने जाते, आणि पातळ थराला सपाट अंग लागतं. पेस्ट मटारच्या दाण्याएवढी, मध्यभागी. उरलेलं काम दाब करतो.

दाबासाठी गरम सिंक आणि थंड ठोकळा यांना जोडणारे एम३ (तीन मिलिमीटर व्यासाचे) स्क्रू. इथे थांबून हिशेब केला, आणि केला ते बरं झालं. माइल्ड स्टीलचा दहा मिलिमीटर लांबीचा एक स्क्रू ४५ अंशांच्या फरकाला एक वॅटहून जास्त उष्णता मागे आणतो. चार स्क्रू म्हणजे साडेचार वॅट, खुद्द सेन्सरच्या भारापेक्षा जास्त. स्टेनलेस स्टील घेतलं तर एका स्क्रूमागे वॅटचा साधारण तिसरा हिस्सा. तेव्हा एसएसचे दोनच स्क्रू, डोक्याखाली नायलॉनची बुश आणि कपाच्या आकाराचे स्प्रिंग वॉशर. वॉशर हवेतच. तापमान बदलताना सगळं आकुंचन-प्रसरण पावतं आणि दाब कायम राहिला पाहिजे. पेल्टियर दाब सोसतो, पण आडवा ताण किंवा तिरपं आवळणं त्याला सोसत नाही, आतले खांब तडकतात. दोन्ही स्क्रू आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळले.

११ ऑगस्ट

पहिल्यांदा सगळं एकत्र. ॲल्युमिनियमची पेटी, पुढे काचेची खिडकी, सांध्यांना सिलिकॉन सीलंट, आत सिलिका जेलची पुडी. बाहेर संततधार, खोली २४ अंश, आर्द्रता ९० टक्के. अशा हवेचा दवबिंदू २२ अंशांच्या वर असतो. म्हणजे २२ अंशांखालची कुठलीही वस्तू ओली होणार, आणि आपण जातोय उणे १० ला.

पाऊण तासात फोटोवर नक्षी उमटली. सेन्सरच्या काचेवर उजव्या कोपऱ्यातून नेच्याच्या पानांसारखे बर्फाचे फाटे, प्रत्येक फाट्याला आणखी बारीक फाटे. टॉर्चच्या उजेडात भिंगातून बराच वेळ पाहत राहिलो, कारण वाढ दिसत होती.

मग हिशेब. पेटीत दीडशे मिलिलिटर हवा आहे. पेटी बंद करताना त्यात पाणी होतं सुमारे तीन मिलिग्रॅम. नगण्य वाटतं. पण सेन्सर अठरा चौरस मिलिमीटरचा, त्यावर ते सगळं बसलं तर मिलिमीटरच्या सहाव्या हिश्श्याएवढा थर होईल. आणि तेवढंच पाणी असतं तर पुडीने ते पिऊन टाकलं असतं. बर्फ वाढतच होता, म्हणजे बाहेरून नवी वाफ येत होती.

आपल्याकडच्या हवेत या कामाचा निम्म्याहून अधिक भाग हाच आहे असं मी आता ठामपणे म्हणेन. कोरड्या थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेल्या सूचनांमध्ये ओलाव्याला दोन ओळी मिळतात. पुण्याच्या जुलै-ऑगस्टात आणि कोकणात-गोव्यात तर वर्षातले बरेच महिने, आधी पेटी कोरडी ठेवायला शिकावं, मग थंड करावं.

१८ ऑगस्ट

गळतीच्या जागा एकेक करून शोधल्या.

सिलिकॉन सीलंट पाणी अडवतं, पण पाण्याची वाफ त्यातून सहज आरपार जाते. न्हाणीघरातला अनुभव इथे उपयोगी नाही. ते खरवडून काढलं. झाकणाला खोबण पाडून नायट्राइल रबराची ओ-रिंग बसवली, खिडकीच्या कडेला ब्युटाइल टेप.

दुसरी जागा अनपेक्षित होती: यूएसबी केबल. ती भिंतीतून जाते तिथलं भोवतीचं रबरी बूच घट्ट होतं, पण केबलच्या आवरणाच्या आत तारांच्या मधल्या पोकळीतून हवा ये-जा करते. पेटी गरम-थंड होताना आतला दाब बदलतो आणि केबल श्वास घेतल्यासारखी ओली हवा ओढते. आता भिंतीत सॉकेट बसवून त्याची पाठ इपॉक्सीने भरली. पेल्टियर, थर्मिस्टर आणि आर्द्रता सेन्सरच्या वायरीही तशाच.

तिसरं म्हणजे शोषक. उणे १० वर बर्फ नको असेल तर २६ अंशांच्या हिशेबात आतली आर्द्रता आठ टक्क्यांच्या खाली हवी. इतक्या कोरड्या हवेत सिलिका जेल फारसं पाणी धरत नाही. मॉलिक्युलर सिव्ह (अतिसूक्ष्म छिद्रांचे शोषक दाणे) तिथेही भरपूर धरतं. ते कोरडं करायला मात्र अडीचशे अंशांच्या पुढचा ताप लागतो. घरचा ओटीजी जेमतेम तिथवर जातो. बारीक जाळीच्या डबीत भरून पेटीत कायमचं बसवलं.

चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडली. दांडा सेन्सरपेक्षा पाच अंश थंड असतो. मी तो पूर्ण फोममध्ये गुंडाळला होता, त्यामुळे वाफेला बसायला सेन्सरचीच काच उरत होती. आता दांड्याच्या बाजूची एक पट्टी उघडी ठेवली. उणे १० च्या बर्फावरचा वाफेचा दाब २.६ हेक्टोपास्कल, उणे ५ च्या बर्फावरचा ४. म्हणजे चुकूनमाकून ओलावा आलाच तर तो आधी त्या पट्टीवर बसेल आणि सेन्सर कोरडा राहील. बाकीचा फोम बंद छिद्रांचा, नाहीतर तोच पाणी पितो.

रात्रभर चालवलं. सकाळी फ्रेम स्वच्छ. आतल्या आर्द्रतेचा आकडा पाच टक्क्यांच्या खाली, तिथे आर्द्रतेचा सेन्सर फारसा भरवशाचा नसतो, पण कल उतरता आहे.

२२ सप्टेंबर

गणपतीत कामाला हात लावला नाही. आता नियंत्रण.

बाजारातले तयार थर्मोस्टॅट पेल्टियर चालू-बंद करतात. इथे ते नको. बंद झाला की उष्णता मागे धावते, तापमान झोके घेतं, आणि वारंवारच्या आकुंचन-प्रसरणाने आतले डाक दिलेले (सोल्डरचे) सांधे थकतात. दुसरा सोपा मार्ग पीडब्ल्यूएम, म्हणजे १२ व्होल्टचे तुकडे करून देणं. त्यातही तोटा आहे. अर्धा वेळ चालू ठेवलं तर उष्णता उचलण्याचं काम निम्म्या करंटएवढं होतं, पण रोधातली उष्णता पूर्ण करंटच्या वर्गाने अर्धा वेळ तयार होते. तेवढाच सरासरी करंट गुळगुळीत दिला असता तर ती निम्मीच झाली असती. म्हणून बक कन्व्हर्टर (व्होल्टेज हवं तेवढं उतरवून गुळगुळीत देणारं सर्किट) घेतला आणि त्याच्या फीडबॅकला आर्डुइनो नॅनो या छोट्या नियंत्रक बोर्डाकडून व्होल्टेज दिलं. पेल्टियरला शुद्ध डीसी जातो.

मापनाला १० किलो-ओहमचा एनटीसी थर्मिस्टर आणि १६ बिटचं एडीसी (व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप). थर्मिस्टर दांड्याला छिद्र पाडून पेस्टमध्ये बुडवला. नुसता चिकटवला तर अर्धी हवा मोजतो.

६ ऑक्टोबर

पीआयडीचे, म्हणजे लक्ष्य आणि मोजलेलं तापमान यांच्या फरकावरून करंट ठरवणाऱ्या सूत्राचे, आकडे बसले. तांब्याचा ठोकळा जड असल्याने सगळं सावकाश चालतं. त्यातला इंटिग्रल (साचत गेलेल्या फरकाचा भाग) जास्त ठेवला की लक्ष्य ओलांडून खाली जातो आणि परतायला मिनिटं घेतो. डी (बदलाच्या वेगाचा भाग) शून्यच ठेवला, गरज दिसली नाही. उणे १० वर दोन तास, फरक वर-खाली ०.०५ अंशाच्या आत. २६ अंशांच्या खोलीत करंट २.३ अॅम्पिअर, व्होल्टेज ६, म्हणजे चौदा वॅट. हाच दांडा ४ अॅम्पिअरवर चालवला असता तर चाळीस वॅट लागले असते. माळरानावर बॅटरीवर बसलेल्या माणसाला हा फरक फार मोठा.

दोन गोष्टी प्रोग्रॅममध्ये पक्क्या केल्या. थंड करताना आणि परत गरम करताना मिनिटाला दोन अंशांपेक्षा जास्त वेग नाही. आणि गरम सिंक ५० अंशांवर गेला, म्हणजे पंखा अडकला, तर करंट हळूहळू शून्यावर.

१९ ऑक्टोबर

त्सुचिनशान-ॲटलस धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसतोय. त्याला हा कॅमेरा लागत नाही, साधा डीएसएलआर आणि काही सेकंद पुरतात. आज प्रकल्पाचं काम नाही, गच्चीवर सगळ्यांना धूमकेतू दाखवला.

१० नोव्हेंबर

डार्कचा संच. दांडा उणे १०, ३०० सेकंद, रात्रभर फ्रेम. सरासरी ९ एकक. ३२ अंशांना ४७० होतं.

हा आकडा थर्मामीटर म्हणूनही वाचता येतो. ८ अंशांना ३३ होतं, तिथून ९ वर यायला साधारण दोनदा निम्मं व्हावं लागतं, म्हणजे सुमारे बारा अंश. सेन्सर उणे ४ च्या जवळपास आहे. पाच अंशांच्या फरकाचा अंदाज एका अंशाने हुकला. पॅड पातळ करून तो मिळवता येईल, पण कपॅसिटर जवळ येतात. राहू दे.

उजव्या कडेला एक उजळ डाग अजून आहे. तो सेन्सरच्या स्वतःच्या सर्किटचा प्रकाश आहे, उष्णतेचा डार्क नव्हे, त्यामुळे थंड करून तो जात नाही. पण तापमान आणि वेळ तंतोतंत एक असली की संच वजा केल्यावर तो निघून जातो. तसं करून पाहिलं, पूर्ण गेला. स्थिर तापमानावर इतके महिने जो जोर दिला, त्याचा हा रोकडा फायदा.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

वेल्हे तालुक्यात, तोरण्याच्या पायथ्याच्या बाजूला. अमावास्या जवळ, चंद्र पहाटेच उगवणार. रात्री अकराला हवा १२ अंश. दांडा उणे १० वर, करंट १.३ अॅम्पिअर, पेल्टियरचा खर्च पाच वॅटच्या आत. हिवाळ्यात काम किती हलकं होतं ते पाहून घ्यावं.

मृगनक्षत्र वर आल्यावर दुर्बीण पट्ट्यातल्या पूर्वेकडच्या ताऱ्याजवळ नेली, अश्वशीर्ष तेजोमेघासाठी. एच-अल्फा, ६५६.३ नॅनोमीटर, ३०० सेकंदांची एकेक फ्रेम. पहिल्याच फ्रेममध्ये, काहीही प्रक्रिया न करता, उजळ पडद्यावर घोड्याच्या डोक्याचा काळा आकार होता आणि जबड्याखालची धूसर कडही. मागच्या हिवाळ्यात याच सेन्सरवर ती कड पुष्कळ फ्रेम एकत्र करूनही सापडली नव्हती. सोबत आलेल्या मित्राला उठवून दाखवली.

दोन वाजल्यानंतर बाहेरच्या खिडकीच्या काचेवर दव येऊ लागलं. पेटीच्या आत नाही, बाहेर. खिडकीभोवती रेझिस्टरची कडी आधीच बसवलेली आहे, तिला एक वॅट दिल्यावर दहा मिनिटांत काच मोकळी झाली. पहाटे आटोपताना उणे १० वरून सावकाश वर आणलं, मगच वीज काढली.

पुढची कामं: मॉलिक्युलर सिव्ह मार्चअखेर ओटीजीत कोरडं करून परत भरायचं. सिंकच्या पंख्याची थरथर एक्स्पोजरमध्ये उतरते का ते ताऱ्यांच्या रुंदीवरून तपासायचं, पंखा चालू आणि थोडा वेळ बंद अशा फ्रेम लागोपाठ घेऊन. आणि एप्रिलच्या रात्री, हवा २६ अंशांवर असताना, करंट खरंच २.३ लागतो का हे मोकळ्या मैदानात मोजायचं.